कुशीचा तक्ता

श्रीनिवासराव सेलूकरांनी एकतीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळा तपासल्या आणि एकाही शाळेला नापास केलं नाही. यात त्यांचा काय दोष? शाळाच चांगल्या निघायच्या. साहेब यायचे त्या दिवशी फळा काळाभोर, पोरांची नखं कापलेली, हजेरी शंभर टक्के आणि दुपारच्याला पुरणपोळी. आता त्या शंभरातली तीसेक पोरं शेजारच्या गावातून उसनी आणून बसवलेली असायची, हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. पण उसनी पोरंसुद्धा सरळ रांगेत बसायची, आणि रांग सरळ दिसली की साहेबांचं मन भरून यायचं. रजिस्टर चोख तर शाळा चोख, असा त्यांचा हिशेब होता. त्याच्यावरच त्यांनी विस्तार अधिकारी म्हणून नोकरी काढली, आणि निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ घेऊन घरी आले.

जूनमध्ये त्यांच्या बायकोला, शैलाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजायचं सगळं, हो-नाही मान हलवून सांगता यायचं, तेवढंच. मूलबाळ नव्हतं, आणि शहात्तर वर्षांच्या श्रीनिवासरावांना तिला उचलून बसवणं काही जमेना. म्हणून दोघं पुंडलिकनगरच्या पलीकडं असलेल्या 'निश्चिंत निवास' नावाच्या वृद्धाश्रमात आले. दारावरच पाटी होती, 'आता काळजी आमची'. आत आल्यावर पहिल्याच दिवशी दोघांची फारकत झाली. श्रीनिवासराव वरच्या मजल्यावर पुरुषांत गेले, आणि शैलाबाई तळमजल्यावर मागच्या बाजूला 'विशेष शुश्रूषा कक्षा'त. तिथं चौदा बायका होत्या आणि पुरुषांना मज्जाव होता. नवरा असला तरी मज्जावच.

भेट रोज चार ते पाच, पुढच्या हॉलमध्ये. कक्षातली कामवाली करुणा चाकाच्या खुर्चीत बसवून शैलाबाईंना घेऊन यायची. श्रीनिवासराव आपल्या सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासायचे. केस विंचरलेले, कुंकू मधोमध, नखं कापलेली, गुडघ्यांवर स्वच्छ शाल. मनातल्या मनात ते 'अ' श्रेणी द्यायचे आणि मग आज पेपरात काय आलं ते सांगायला लागायचे. पाच मिनिटांत शैलाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात रडू लवकर येतं. पण श्रीनिवासरावांना आतून वाटायचं की आपल्याला पाहून तिला भरून येतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात बाईनं कधी डोळ्याला पदर लावला नव्हता, आणि आता बघा! माणूस अगदी सुखावून वर जायचा.

त्यांची एकच इच्छा उरली होती. आश्रमाच्या माहितीपत्रकात जोडप्यांसाठी खोलीचा फोटो होता. दोन पलंग, खिडकी, खिडकीत मोगरा. ती खोली खरोखर होतीही; फक्त तिला कुलूप होतं आणि आत मालक अभयसाहेबांचा जुना सोफा आणि चालायचं मशीन ठेवलेलं होतं. श्रीनिवासरावांनी सात महिन्यांत त्या खोलीसाठी अकरा अर्ज दिले. प्रत्येक अर्जाची पोच घेतली. पोच मिळाली, खोली मिळाली नाही.

जानेवारीत आश्रमाला पत्र आलं. ज्येष्ठसेवा गुणांकन मंडळाची समिती दहा दिवसांनी येणार, एकशेवीस प्रश्नांची तपासणी करणार आणि श्रेणी देणार. मॅनेजर चिन्मयच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा हुशार, टाय लावणारा, पण त्याच्या आश्रमात चहा सोडून कशाचीच नोंद नव्हती. तो धावत वर आला.

"काका, तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होतात ना?"

"होतात म्हणजे? हयात गेली माझी त्यात."

"मग वाचवा. अभयसर म्हणालेत, 'अ प्लस' आली तर जोडप्यांची खोली तुमची. तुम्ही आणि काकू. दुसऱ्या दिवशी सोफा बाहेर."

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. सात महिने हा माणूस जेवणाच्या ताटापुढं नुसता बसून असायचा. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्याच दिवशी दोघं रिक्षानं औरंगपुऱ्यात वह्या-कागदांच्या दुकानात गेले. चिन्मयचं म्हणणं होतं, सगळं कॉम्प्युटरवर मारून छापून काढू. "वेडा आहेस का रे?" श्रीनिवासराव म्हणाले. "छापलेल्यावर कोण विश्वास ठेवतं?" त्यांनी दुकानातल्या मागच्या फळीवरची, कडा पिवळी पडलेली बेचाळीस रजिस्टरं निवडून घेतली. तीन दुकानांतून तीन निळी पेनं घेतली, एक काळं घेतलं. परत येताना रिक्षात त्यांनी चिन्मयला विद्या दिली. एका पेनानं चार महिने लिहायचं नाही. पानांचे कोपरे रोज थोडे थोडे दुमडायचे. दर दहा पानांमागं एक चूक करायची, ती रेघ मारून खोडायची आणि बाजूला सही ठोकायची. चूक नसलेलं रजिस्टर खोटं असतं, हे त्यांना एकतीस वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. चिन्मयनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

सदतिसावा प्रश्न कुशीचा होता. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी भार येऊन कातडी फाटते, जखम होते. त्याचा तक्ता हवा. माणसागणिक, दिवसाला बारा खुणा, गेल्या सहा महिन्यांच्या. आश्रमात तो तक्ता कुणी जन्मात पाहिला नव्हता. श्रीनिवासरावांनी मांडी ठोकली आणि चार दिवस बसून तो लिहून काढला. सात नंबरची खाट शैलाबाईंची. तिचं पान त्यांनी अगदी निगुतीनं भरलं. दोन वाजता डावी कूस, चार वाजता उताणी, सहा वाजता उजवी. हात चालत होता आणि मनाला गार वाटत होतं. बाईची काळजी घेतात हो इथं, असं त्यांच्या मनात आलं. हसू नका. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या रजिस्टरवर त्यांनी सगळ्यात आधी स्वतः विश्वास ठेवला.

करुणा चहाचा कप ठेवायला आली आणि टेबलापाशी थबकली. खुलताबादहून रोज बसनं येणारी ही बाई. नवरा नव्हता, दोन पोरी शिकत होत्या.

"सर, हे काय लिवताय?"

"कुशीचा तक्ता. ऑगस्टपासूनचा."

"अवो, चौदा बाया हायेत. दिवसाला बारा येळा एकेकीला वळवायचं. मी एकली. आठला येते, सहाच्या गाडीनं जाते. मंग वळवतंय कोण?"

"करुणा, मनुष्यबळाचा प्रश्न वेगळा आहे. तो एकोणतीस नंबरला येतो. इथं तक्त्याचं विचारलंय."

करुणा घुटमळली. "सर, आपल्या काकूंचं जरा बोलायचं व्हतं..."

"तिचं पाहिलं मी आत्ताच. सात नंबर. एकही खाडा नाही," असं म्हणून श्रीनिवासरावांनी पान उलटलं. करुणानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि ती रिकामी बशी घेऊन गेली.

एकसष्टाव्या प्रश्नाशी गाडी अडली. विस्मरणाचा आजार असलेल्या किमान पाच जणांची वेगळी देखभाल हवी. आश्रमात विसरभोळे चारच. पाचवा कुठून आणायचा? "उसना," श्रीनिवासराव चटकन म्हणाले, आणि दुसरं कुणी चटकन सापडेना म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव घातलं. फॉर्मही स्वतःच भरला, आणि भरताना अंगात आलं. 'मध्यम स्वरूपाचे विस्मरण. घडलेले व न घडलेले यांची गल्लत करतात. दिलेली-घेतलेली वचने लक्षात राहत नाहीत. खोटी गोष्ट अत्यंत कळवळून सांगतात; ऐकणाऱ्याने मनावर घेऊ नये.' गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांबरोबर त्याच्यावरही सही केली. न वाचता, अर्थातच. चिन्मयनं टाळी दिली. बेचाळीस रजिस्टरांत याच्यासारखा उतारा दुसरा नाही, असं श्रीनिवासरावांनाही वाटलं.

मग राहिली समूहचर्चा. समिती सगळ्या ज्येष्ठांना एकत्र बसवून प्रश्न विचारणार होती. त्यावरही शाळेतला इलाज तयार होता. श्रीनिवासरावांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, "प्रश्न आला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला चांगलं बोलायचंय त्यानं उजवा, ज्याची तक्रार आहे त्यानं डावा. चिन्मय फक्त उजव्या हातवाल्यांना उठवील. काय?"

एसटीच्या वर्कशॉपात जन्म घालवलेले मोतीराम साळवे मागच्या रांगेत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"हे काय, मोतीराम?"

"साहेब, चहा बरा असतोय, वरण लई पातळ असतंय."

"वरणाचं विचारलं तर उत्तम म्हणायचं."

"आन् खरं इचारलं तर?"

"खरं अभ्यासक्रमात नाही," श्रीनिवासराव म्हणाले. सगळे खळखळून हसले. भागूबाई नावाच्या म्हातारीला तर ठसका लागला. आश्रमात इतकं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं, म्हणून श्रीनिवासरावही हसले.

तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा चिन्मय हळूच म्हणाला, "काका, समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मेट्रन आहेत. त्या पांघरूण उचलून बघतात. मागं कक्षात सात जणी दाखवण्यासारख्या नाहीत. काय करायचं?"

श्रीनिवासरावांनी एक क्षणही घेतला नाही. कच्ची पोरं तपासणीच्या दिवशी कुठं जायची? वनभोजनाला. "सहल काढ," ते म्हणाले.

"खिळलेल्या बायकांची सहल?"

"मग हवापालट म्हण. हवापालटाचं रजिस्टर करून टाकतो."

अभयसाहेबांचं खुलताबादच्या वाटेवर फार्महाउस होतं. दोन अँब्युलन्स सांगितल्या. त्या सात जणी कोण, ते श्रीनिवासरावांनी विचारलं नाही. पद्धत सांगणं आपलं काम, नावं घालणं व्यवस्थापनाचं, असं त्यांनी नोकरीतही पाळलं होतं.

तपासणीच्या सकाळी चिन्मय घाईघाईनं यादी घेऊन आला. "काका, तुमच्या अक्षरात एवढी उतरवून द्या." श्रीनिवासरावांनी वर मथळा घातला, त्याखाली दुहेरी रेघ मारली आणि नावं लिहायला घेतली. पाच झाली. सहावं लिहिताना पेन थांबलं. शैला श्रीनिवास सेलूकर.

"चिन्मय, हे चुकलंय. ही तर व्यवस्थित आहे. मी रोज बघतो."

"काका, तुम्ही शालीच्या वरचं बघता," चिन्मय घड्याळाकडं बघत म्हणाला.

श्रीनिवासराव जिना उतरून मागच्या अंगणात गेले. इतक्या जोरात ते कित्येक वर्षांत चालले नव्हते. अँब्युलन्सचं दार उघडं होतं. शैलाबाई आत स्ट्रेचरवर, गळ्यापर्यंत चादर ओढलेली. करुणा उशी सारखी करत होती.

"करुणा, हिला काय झालंय?"

करुणानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. "माकडहाडाशी जखम हाय, सर. वाटी मावंल एवढी. दिवाळीपासनं. रोज चारला तुमच्यासाठी खुर्चीत बसवायचा हुकूम हाय, म्हणून बसवते. बसलं की सगळा भार त्याच्यावर येतोय. रडत्यात त्या त्याच्यानं."

"मला वाटलं..." श्रीनिवासराव म्हणाले, आणि काय वाटलं ते त्यांच्याच्यानं सांगवेना. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगाया आले व्हते की. तुम्ही म्हणलात एकबी खाडा नाय."

शैलाबाई टक्क डोळ्यांनी नवऱ्याकडं बघत होत्या. "उतरवा तिला," श्रीनिवासराव ओरडले. "उतरवा आधी!" तोवर अभयसाहेब आले. पांढरा सदरा, अत्तराचा वास. त्यांनी श्रीनिवासरावांच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "काका, दोन तासांचा प्रश्न आहे. आज गडबड केलीत तर खोली गेली. मग काकू तिकडं आणि तुम्ही इकडं, कायमचे. तुम्हीच ठरवा." पुढच्या फाटकातून समितीची गाडी आत शिरत होती. अँब्युलन्सचं दार लागलं. श्रीनिवासराव दोन पावलं मागं सरले. गाडी मागच्या फाटकातून निघून गेली.

समिती फार गोड होती. अध्यक्षा रत्नमालाबाई निवृत्त मेट्रन, सोबत टॅबवर बोट फिरवणारे दोघं. बाईंनी खरोखरच कक्षातल्या उरलेल्या सात जणींची पांघरुणं उचलून पाहिली. कातडी स्वच्छ. स्वयंपाकघर पाहिलं, त्या दिवशी वरणात डाळ होती. मग हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसून त्यांनी रजिस्टरं चाळायला घेतली. श्रीनिवासराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढून ती चादर हलत नव्हती.

"तीस वर्षं वॉर्ड सांभाळले, पण असा तक्ता नाही पाहिला," बाई म्हणाल्या. "ही सात नंबरची खाट बघा. सहा महिन्यांत एकही खाडा नाही. कोण हो या? आज हवापालटाला गेल्यात वाटतं. नशीबवान बाई आहे."

हे मात्र श्रीनिवासरावांना सहन झालं नाही. ते उठले. आवाज खणखणीत होता. "खोटं आहे ते. माझी बायको आहे ती. तिची कूस कुणी बदलत नाही. तिला वाटीएवढी जखम आहे. हा तक्ता मी लिहिलाय, चार दिवसांत बसून. ही सगळी रजिस्टरं मी लिहिलीत! तिला लपवून ठेवलंय फार्महाउसवर, चला, आत्ता दाखवतो."

अभयसाहेबांचा चेहरा पडला. पण चिन्मय? चिन्मय शिकवलेला विद्यार्थी होता. त्यानं एक फाइल उघडून बाईंपुढं सरकवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, प्रश्न क्रमांक एकसष्ट. पाचवे पेशंट."

रत्नमालाबाईंनी फॉर्म वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा मऊ झाला. घडलेले व न घडलेले यांची गल्लत करतात. खोटी गोष्ट अत्यंत कळवळून सांगतात. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख.

"अहो, तो फॉर्मही मीच लिहिलाय!" श्रीनिवासराव म्हणाले. "अक्षर बघा माझं! सगळीकडं एकच अक्षर आहे!"

"हो मॅडम," चिन्मय शांतपणे म्हणाला. "काका शिक्षण खात्यात अधिकारी होते. लिहायला बसवलं की शांत राहतात. म्हणून आम्ही त्यांना सगळी रजिस्टरं पक्की उतरवून काढायला देतो. प्रश्न क्रमांक सहासष्ट, आवडीच्या कामातून उपचार."

"किती विचार केलाय हो तुम्ही एकेका माणसाचा!" बाईंना खरंच गहिवरून आलं. त्यांनी उठून श्रीनिवासरावांचा हात हातात घेतला. "आजोबा, बसा. काकू संध्याकाळी येतील हं. आज वार कोणता ते सांगता का मला?"

"मंगळवार," श्रीनिवासराव दातओठ खात म्हणाले.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. वार बरोबर होता. टॅबवाल्यांनी 'उपचारांना चांगला प्रतिसाद' असं नोंदवून दोन गुण वाढवून दिले.

मागच्या रांगेत मोतीराम उठून उभे राहिले. त्यांनी डावा हात वर केला. भागूबाईनं डावा केला. बघता बघता सगळ्या हॉलनं डावे हात वर केले. थरथरते, वाकडे, सलाइनचे डाग असलेले. हे हात बघून बाई काहीतरी विचारतील, याची वाट पाहत होते बिचारे. रत्नमालाबाईंनी हात मोजले आणि प्रसन्न होऊन लिहून घेतलं, चर्चेत शंभर टक्के सहभाग. मग घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती.

'अ प्लस' आली. संध्याकाळी अँब्युलन्स परत आल्या तेव्हा दारावर फुलांची माळ होती. श्रीनिवासराव मॅनेजरच्या खोलीत गेले.

"चिन्मय, झालं गेलं जाऊ दे. मी तुझी तक्रार करत नाही. खोली दे. मी तिचं सगळं करतो."

चिन्मय पेढा खात होता. "कसली खोली, काका?"

"जोडप्यांची. तुम्ही कबूल केली होती ती."

"मी?" चिन्मयनं काळजीनं त्यांच्याकडं पाहिलं. "काका, तुम्हाला नीट आठवतंय का?"

श्रीनिवासराव तसेच वर गेले. त्यांना भयंकर राग आला होता, आणि त्यातला निम्म्याहून जास्त राग स्वतःवरच होता. ते खाटेवर बसून राहिले. मोतीराम शेजारी येऊन बसले. श्रीनिवासराव म्हणाले, "मोतीराम, माझ्यासारखा मूर्ख माणूस नाही." मोतीरामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "व्हय, साहेब. पर उद्या काय करायचं ते बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला श्रीनिवासराव जिना उतरले आणि महिला कक्षाचं दार ढकलून आत गेले. पाठोपाठ चिन्मय धावत आला.

"काका, इथं पुरुषांना बंदी आहे!"

"असं का?" श्रीनिवासराव म्हणाले. "विसरलो बाबा."

"चला बाहेर."

"आलो. पण बारा वाजता परत विसरीन. दोनलाही विसरीन. चारला, सहाला. आजारच तसा आहे ना. मंडळाकडं कागद गेलाय, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी. मला हुशार ठरवायचं असेल तर एक पत्र टाक तिकडं, की तो फॉर्म खोटा होता. आणि हे बघ, दुपारपर्यंत जखमेचे डॉक्टर आले पाहिजेत. नाही आले तर मला एखादवेळेस काहीतरी आठवायला लागेल. कधी काय आठवेल, सांगता येत नाही."

चिन्मय उभा राहिला, दोनदा टाय सारखा केला आणि फोन लावायला बाहेर गेला.

श्रीनिवासराव सात नंबरच्या खाटेपाशी आले. त्यांनी हा कक्ष कधी पाहिला नव्हता. पलंग लोखंडी होते, फिनेलचा वास होता, आणि त्याखाली दुसराही एक वास होता. शैलाबाई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. करुणा म्हणाली, "सर, तुमच्यानं बघवंल का?" त्यांनी मान हलवली. करुणानं चादर उचलली, कापसाची घडी बाजूला केली. श्रीनिवासरावांनी पाहिलं. ते खाटेची कड धरून मटकन खाली बसले.

"बसू नका, सर. धरा," करुणा म्हणाली. "एक हात खांद्याखाली, एक कमरंखाली. ओढायचं नाय, उचलायचं. मी मोजते."

तीन म्हटल्यावर दोघांनी मिळून शैलाबाईंना डाव्या कुशीवर वळवलं. पाठीमागं उशी लावली. श्रीनिवासराव पलीकडं जाऊन बायकोच्या तोंडासमोर उकिडवे बसले. तिच्या गालावर आलेली बट त्यांनी मागं सारली.

"शैला," ते म्हणाले, "दुखतं का गं?"

शैलाबाईंनी मान हलवली. हो. मग डोळे मिटून पुन्हा हलवली, पुन्हा हलवली, आणि ती मान काही केल्या थांबेना. इतके महिने त्या समोर बसून रडत होत्या, आणि एवढं एकच त्यांना कुणी विचारलं नव्हतं.